ठाणे, जामीन आणि मिरवणूक : दोन महायुद्धांमधले नागपूर

पहिले महायुद्ध संपले तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते. पण पोलिसांच्या हिशेबात ते एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण एवढेच होते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांना स्वतंत्र पोलीस कमिशनर होता. नागपूरला तो नव्हता. प्रांताचा इन्स्पेक्टर जनरल नागपुरातच बसे. शहराचा बंदोबस्त मात्र जिल्हा सुपरिंटेंडेंटकडे होता आणि तो १८६१ च्या पोलीस कायद्याने चाले. हा कायदा १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांत झाला. सरकारला विश्वासाचे, शिस्तीचे आणि वरून हुकूम घेणारे दल हवे होते, आणि कायद्याने ते दिले. लोकांपुढे उत्तरदायी असण्याची कल्पना त्यात कुठेच नव्हती.

याच कायद्याच्या चौथ्या कलमाने जिल्हा सुपरिंटेंडेंटला जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या देखरेखीखाली ठेवले होते. मध्य प्रांतात मॅजिस्ट्रेटचे हे काम डेप्युटी कमिशनरकडे असे. सारा वसूल करणारा, जमावबंदीचा हुकूम काढणारा, तो मोडणाऱ्यांवर खटला चालवणाऱ्या मॅजिस्ट्रेटांचा वरिष्ठ आणि पोलिसांवर देखरेख ठेवणारा अधिकारी एकच होता. नागपूरच्या पुढल्या वीस वर्षांच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते.

सुपरिंटेंडेंटखाली सर्कल इन्स्पेक्टर, त्याखाली ठाण्याचा सब-इन्स्पेक्टर, मग हेड कॉन्स्टेबल आणि कॉन्स्टेबल अशी उतरंड होती. विदर्भात ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणत आणि आजही म्हणतात. खेड्यांत पोलीस नसे, कोतवाल असे. तो गावातले जन्म-मृत्यू, परके आलेले-गेलेले आणि चोऱ्यामाऱ्या यांची खबर ठाण्यावर नेऊन देई. नागपूरच्या वेशीला लागूनच खेडी सुरू होत, म्हणून शहराच्या ठाण्यांनाही कोतवालाच्या खबरीचा उपयोग होई.

या यंत्रणेची झाडाझडती एकदा झाली होती. मध्य प्रांतात दीर्घकाळ नोकरी केलेले आणि तिथले चीफ कमिशनरपद सांभाळलेले सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ मध्ये पोलीस आयोग बसला. दल अकार्यक्षम आहे आणि लोक त्याला भ्रष्ट व जाचक समजतात, असे त्याने उघड लिहिले. ब्रिटिश अधिकाऱ्यानेच इतक्या स्पष्ट शब्दांत दिलेली कबुली विरळाच. आयोगानंतर सब-इन्स्पेक्टरांची थेट भरती सुरू झाली, हिंदी अधिकाऱ्यांसाठी डेप्युटी सुपरिंटेंडेंटचे पद आले, गुन्हे अन्वेषण खाते स्थापन झाले आणि १९०६ मध्ये प्रांतासाठी सागर येथे पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली. दोन युद्धांमधले नागपूरचे बहुतेक फौजदार सागरला शिकून आलेले होते. पगार मात्र तुटपुंजाच राहिला, आणि कॉन्स्टेबलच्या लाचखोरीची मुळे त्यातच होती.

शहर झपाट्याने वाढत होते. १९२१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या सुमारे १ लाख ४५ हजार होती. १९३१ मध्ये ती २ लाख १५ हजारांवर गेली आणि १९४१ मध्ये तिने ३ लाखांचा आकडा ओलांडला. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या टेकडीने आणि रेल्वेमार्गाने शहराचे दोन भाग पाडले होते. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, साहेबांचे बंगले आणि सचिवालय. पूर्वेला महाल, इतवारी आणि गांधीबागेकडची दाट वस्ती. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल आणि नंतरची मॉडेल मिल यांनी कोष्टी, महार आणि छत्तीसगडी कामगारांची मोठी वस्ती उभी केली. १९२५ मध्ये रेल्वेस्थानकाची नवी इमारत खुली झाली. मुंबईकडून येणारी जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वे इथे मिळत. १९२९ नंतर बल्लारशहा-काझीपेठ मार्गामुळे दिल्ली-मद्रासची वाहतूकही नागपुरावरून जाऊ लागली.

रोजचे गुन्हे या भूगोलातूनच उपजत. मातीच्या भिंती पहारीने फोडून केलेली घरफोडी हा ठाण्याच्या नोंदवहीतला नेहमीचा गुन्हा होता. गुरे चोरून शेजारच्या जिल्ह्याच्या बाजारात विकणे, मोहाची दारू चोरून गाळणे, जुगार, मारामाऱ्या आणि स्थानकावरच्या गर्दीत प्रवाशांच्या गाठोड्यांवर हात मारणे हेही रोजचेच. महायुद्धानंतरची महागाई, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि पाठोपाठची अवर्षणाची वर्षे यांनी पोटासाठी होणाऱ्या चोऱ्यांना खतपाणी घातले. १९२९ नंतर कापसाचे भाव कोसळले तेव्हा वऱ्हाड-नागपुरात तीच कथा पुन्हा घडली.

चोर पकडण्याचे जुने साधन म्हणजे गुन्हा होण्याआधीच माणसावर नजर ठेवणे. ठाण्यात बदमाशांचे रजिस्टर असे. त्यात नाव चढले की रात्री-बेरात्री शिपाई घरी येऊन हाक मारी, आणि शेजारच्या गावाला जातानाही चौकशी होई. याला कायद्याचे बळ होते ते १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या १०७ ते ११० या कलमांचे. शांतताभंग करील असे वाटणाऱ्याकडून १०७ खाली, राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून १०८ खाली, चरितार्थाचे उघड साधन नसलेल्या संशयिताकडून १०९ खाली आणि सराईत गुन्हेगाराकडून ११० खाली चांगल्या वर्तनाचा जामीन मागता येई. जामीन दिला नाही तर तुरुंग. कोणताही गुन्हा शाबीत करावा लागत नसे. माणूस सराईत आहे हे दाखवायला ‘सर्वसाधारण लौकिक’ पुरे, असे संहितेच्या ११७ व्या कलमातच लिहिले होते. चार प्रतिष्ठित गावकऱ्यांनी मॅजिस्ट्रेटपुढे येऊन ‘हा माणूस चोर समजला जातो’ असे सांगितले की काम भागे. गावातला सावकार, मालगुजार किंवा पुढारी कोणावर रुष्ट आहे याला त्यामुळे फार महत्त्व आले. गरिबाच्या दृष्टीने ११० हे कलम दंड संहितेतल्या चोरीच्या ३७९ पेक्षा भयंकर होते. ३७९ मध्ये निदान चोरी झालेली असावी लागे.

लौकिकावर माणूस दोषी ठरवण्याची ही रीत काही जमातींच्या बाबतीत जन्मावर जाऊन पोहोचली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये देशभर लागू करण्याजोगा झाला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे आणि ठरलेल्या वेळी ठाण्यावर हजेरी सुरू होई. ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा जन्मठेप. विदर्भात पारधी, मांग-गारुडी, टाकणकर आणि भामटा यांच्यावर पोलिसांचा रोख असे. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला, आणि अधिकारी तो हाताशी ठेवत. भामट्यांच्या रेल्वेतल्या चोरीच्या युक्त्यांचे त्यात रसभरित वर्णन आहे. पण याच भागात भामटा म्हणवणारी, ताग पिकवून सुतळी आणि गोणपाट विणणारी कुटुंबेही होती, ज्यांचा चोरीशी संबंध नव्हता. पोलिसांना मात्र नाव पुरे. पारध्याच्या मुलाला शाळेत घालण्याआधी त्याच्या बोटांचे ठसे घेतले जात असतील, तर पुढे त्याने काय व्हावे अशी अपेक्षा होती? हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. त्यातल्या जमाती आज विमुक्त म्हणून ओळखल्या जातात.

तपासाच्या बाजूने पाहिले तर इंग्रजी कायदा स्वतःच्या पोलिसांवरही विश्वास ठेवत नव्हता. पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरायला बंदी केली होती. त्यामुळे ठाणेदार आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन कबुली नोंदवून घेण्याच्या खटपटीत असे, किंवा २७ व्या कलमाचा आधार घेई: आरोपीच्या सांगण्यावरून चोरीचा माल किंवा हत्यार सापडले तर सांगण्याचा तेवढा भाग चाले. ‘आरोपीने दाखवून दिलेला मुद्देमाल’ आणि त्याचा पंचनामा यांना आपल्याकडच्या खटल्यांत जे अवाजवी स्थान आहे ते इथून आले. पंच बहुधा ठाण्याच्या ओळखीचेच असत. बोटांचे ठसे हे त्या मानाने प्रामाणिक साधन होते. ठशांच्या वर्गीकरणाचे पहिले कार्यालय कलकत्त्याला १८९७ मध्ये निघाले; अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांच्या कष्टांवर ती पद्धत उभी होती, जरी ती एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. नागपुरात ठशांचा उपयोग मुख्यतः जुना सजायाफ्ता नवे नाव सांगतो आहे का, हे ओळखण्यासाठी होई.

खून आणि दरोड्याचे खटले सेशन्स कोर्टात असेसरांच्या, म्हणजे न्यायाधीशाला मत देणाऱ्या नागरिकांच्या, मदतीने चालत, आणि अपील ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात जाई. राजधानी असूनही नागपूरला हायकोर्ट मिळायला १९३६ साल उजाडावे लागले. जानेवारी १९३६ मध्ये सर गिल्बर्ट स्टोन हे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले व्हिव्हियन बोस याच कोर्टाचे. नागरिकाच्या स्वातंत्र्याबद्दल त्यांच्या लेखणीला धार होती, आणि ती नागपूरच्या वकिलीत घडली होती.

या सगळ्यावर १९२० नंतर राजकारणाचे ओझे आले. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव पक्का केला, आणि काही आठवड्यांतच दारूच्या दुकानांपुढे निरोधन (पिकेटिंग) सुरू झाले. दारू ही प्रांताच्या तिजोरीची मोठी आवक होती. निरोधन करणाऱ्यांना पोलिसांनी आवरावे ही सरकारची गरज होती. सभांना सर्कल इन्स्पेक्टर आणि टिपणे घेणारे शिपाई हजर राहू लागले. डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्यावर काटोल आणि भरतवाडा येथील भाषणांबद्दल १९२१ मध्ये खटला झाला, तेव्हा मराठी भाषण पोलिसांनी शब्दशः कसे टिपले हाच बचावाचा मुद्दा झाला. मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वर्षभर राजद्रोही भाषण न करण्याचा मुचलका आणि जामीन मागितला. त्यांनी तो नाकारला, म्हणून १९ ऑगस्ट १९२१ रोजी त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली. घरफोड्यांसाठी केलेले जामिनाचे प्रकरण आता सभेच्या वक्त्यांना लागू झाले होते.

त्याचा कळस १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात झाला. सुरुवात जबलपूरला झाली. तिथे नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लावण्यावरून तंटा पेटला. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे निघाली आणि पोलिसांनी ती अडवून स्वयंसेवकांना मारहाण केली. जुन्या शहरात झेंडा चाले. साहेबांच्या वस्तीत चालणार नाही, एवढाच सरकारचा आग्रह होता. मे महिन्यापासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज सिव्हिल लाइन्सच्या हद्दीपर्यंत जाऊन अटक करवून घेऊ लागल्या. जमनालाल बजाज नेतृत्व करत होते. १७ जूनला संहितेच्या १४४ व्या कलमाखाली बंदीहुकूम निघाला आणि बजाज यांना पकडले. मग वल्लभभाई पटेल नागपुरात येऊन बसले, विनोबा भाव्यांनी तुरुंगवास पत्करला, आणि गुजरात, महाराष्ट्र, बिहार, तामिळनाडूतून स्वयंसेवकांच्या गाड्या येऊ लागल्या.

पोलिसांनी तेव्हा जी युक्ती काढली ती या काळाच्या पोलिसी इतिहासातली सर्वांत बोलकी घटना आहे. स्वयंसेवकांनी हुकूम मोडेपर्यंत थांबायचे नाही, रेल्वेस्थानकावर उतरतानाच त्यांना १०९ कलमाखाली धरायचे. कारण काय, तर त्यांच्याकडे चरितार्थाचे उघड साधन नाही. घरदार, शेती, वकिली सोडून आलेली माणसे भटक्या संशयितांत जमा झाली. एकूण दीड हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. तुरुंगातल्या सामान्य कैद्यांना त्यांनी प्रथमच जवळून पाहिले, आणि पुढच्या काळात तुरुंगसुधारणेची मागणी करणाऱ्यांपैकी अनेकांच्या मागे हा अनुभव होता.

या वेळी प्रांताच्या गृहखात्याचे सभासद अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण, आरोग्यासारखी खाती निवडून आलेल्या मंत्र्यांना दिली. पोलीस, तुरुंग आणि न्याय ही खाती गव्हर्नरच्या राखीव यादीत ठेवली. त्यामुळे गृहखात्यावर हिंदी माणूस बसला तरी तो विधिमंडळाला बांधलेला नव्हता. जोशींनंतर १९२५ मध्ये श्रीपाद बळवंत तांबे आणि पुढे ई. राघवेंद्र राव त्या जागी आले; दोघांनीही काही काळ गव्हर्नरची खुर्चीही सांभाळली. पोलिसांचे वागणे तेवढ्याने बदलले नाही. स्वराज्य पक्षाने १९२४ मध्ये मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला, पण राखीव खात्यांचा खर्च गव्हर्नरला आपल्या अधिकारात मंजूर करता येई.

झेंड्याचा प्रश्न मिटला तो तडजोडीने. १७ ऑगस्टला बंदीहुकूमाची मुदत संपली, तो वाढवला गेला नाही, आणि १८ ऑगस्ट १९२३ रोजी मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. पोलीस बाजूला उभे राहिले. थोड्या दिवसांत कैदी सुटले. नागपूरकरांच्या दृष्टीने हा निर्विवाद विजय होता, आणि ‘महाराष्ट्र’ सारख्या स्थानिक पत्राने तो तसाच मांडला.

मिरवणुकीचा दुसरा प्रश्न इतका सहज सुटला नाही. पोलीस कायद्याच्या ३० व्या कलमाने सुपरिंटेंडेंटला मिरवणुकीचा मार्ग ठरवण्याचा आणि सणावारी रस्त्यावर वाद्ये किती वाजवावीत हेही सांगण्याचा अधिकार दिला होता. हा अधिकार कागदावर निरुपद्रवी दिसतो. १९२३ च्या शरद ऋतूत मशिदीवरून वाजतगाजत दिंडी नेण्यावरून नागपुरात वाद पेटला. बंदीहुकूम मोडून दिंड्या निघाल्या आणि त्यात हजारो लोक सामील झाले. पोलिसांनी एका समाजाला परवानगी दिली तर दुसऱ्याला अन्याय वाटे आणि नाकारली तर पहिल्याला. धार्मिक तंट्याचा निवाडा अशा रीतीने फौजदाराच्या सहीवर येऊन ठेपला. तो त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. चार वर्षे धुमसून सप्टेंबर १९२७ मध्ये महाल भागात मोठा दंगा झाला, त्यात अनेक जीव गेले. अरुंद गल्ल्यांत काठ्यांनिशी उतरलेले पोलीस तो आवरू शकले नाहीत. दंग्यानंतर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च वस्तीकडून वसूल करण्याची तरतूद कायद्याच्या १५ व्या कलमात होती, आणि निरपराध रहिवाशालाही तो भार सोसावा लागे. त्याच वर्षी मंचरशा आवारी यांनी शस्त्रबंदी कायद्याविरुद्ध उघड तलवारी घेऊन सत्याग्रह मांडला आणि तुरुंगात दीर्घ उपोषण केले. एकाच वर्षात नागपूरच्या पोलिसांपुढे दंगेखोराची तलवार आली आणि सत्याग्रह्याचीही. दोहोंत फरक करणारे एकही कलम त्यांच्या पुस्तकात नव्हते.

जगात इतरत्रही पोलीस याच कात्रीत सापडले होते. बर्लिनमध्ये त्या वेळी एर्न्स्ट गेनाट यांनी खुनांच्या तपासासाठी उभारलेले खास पथक युरोपभर नावाजले होते. गुन्ह्याची जागा जशीच्या तशी राखणे, प्रत्येक खुनाची फाईल ठेवणे ही त्यांची शिस्त. पण त्याच बर्लिनमध्ये मे १९२९ मध्ये बंदी मोडून निघालेल्या कामगारांच्या मिरवणुकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिसाहून अधिक माणसे मेली. बर्लिनच्या पोलिसांना निदान प्रशियाच्या निवडून आलेल्या सरकारपुढे जाब द्यावा लागे आणि विधिमंडळात त्यावर भांडण होई. नागपूरच्या पोलिसांची तपासाची साधने बर्लिनच्या जवळपासही नव्हती, आणि जाब विचारणारे कोणी नव्हते.

१९३० च्या दशकात रा. स. रुईकर यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचे संप झाले, तेव्हाही सरकारने १४४ कलम पुढे केले. पण या काळात काही चांगल्या गोष्टीही घडल्या. १९२८ च्या बोर्स्टल कायद्याने किशोर गुन्हेगारांना सराईत कैद्यांपासून वेगळे काढले आणि नरसिंहपूरला त्यांच्यासाठी संस्था चालू लागली. १९३६ मध्ये परिवीक्षेचा कायदा आला. पहिल्याच चुकीला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडण्याची सोय त्यात होती.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली आणि डॉ. नारायण भास्कर खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ नागपुरात बसले. ज्यांच्या सभांची टिपणे पोलीस घेत होते त्यांच्यासमोर आता इन्स्पेक्टर जनरल फाइली घेऊन उभा राहिला. राजकीय कैदी सुटले. परंतु न्याय आणि तुरुंग हातात आल्यावर त्यांचा गैरवापरही आपल्या माणसांकडून होऊ शकतो, हे लगेच दिसले. न्यायमंत्री महंमद युसुफ शरीफ यांनी एका अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या कैद्यांना मुदतीआधी सोडले. प्रांतभर संताप उसळला. कलकत्ता हायकोर्टाचे माजी न्यायाधीश सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे काँग्रेसने चौकशी दिली आणि शरीफ यांना १९३८ मध्ये पायउतार व्हावे लागले. जबाबदार सरकारचा फायदा इथे स्पष्ट दिसतो: वर्तमानपत्रे बोलली, पक्षाने चौकशी केली, मंत्री गेला. १९२३ मध्ये स्थानकावर १०९ लावणाऱ्या कोणालाही असा जाब द्यावा लागला नव्हता. खरे यांचे मंत्रिमंडळ जुलै १९३८ मध्ये अंतर्गत भांडणात पडले, रविशंकर शुक्ल आले, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. पोलीस पुन्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्या हाती गेले.

लौकिकावरून माणसाला बांधण्याची पद्धत यानंतरही चालू राहिली. युद्धानंतर १९४६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड गुंडा कायदा झाला. जिल्हा मॅजिस्ट्रेटने एखाद्याला गुंड ठरवले की त्याला जिल्ह्याबाहेर काढता येई. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची मुख्य कलमे घटनाविरोधी ठरवली. गुंड कोणाला म्हणावे याची नेमकी कसोटी कायद्यात नव्हती, आणि आपण गुंड नाही हे मॅजिस्ट्रेटपुढे मांडण्याची पुरेशी संधीही माणसाला दिलेली नव्हती, असे न्यायालयाने म्हटले.